पुसलेले पान जाते कुठे?

दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणजे आपल्याकडे घराघरांत एक दिवस रद्दीचा उगवतो. माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात, वर्षभराची वर्तमानपत्रे तराजूत बसतात, आणि संध्याकाळी यजमान कचेरीतून परत येऊन विचारतात, "अगं, इथे माझी एक निळी फाइल होती ना?" पुढे जी धावाधाव होते ती सर्वांच्या परिचयाची आहे. रद्दीवाल्याचे दुकान उघडे आहे तोवर आशा असते. माल टेम्पोत चढला, की मग निळी फाइल आणि गतवर्षीची वर्तमानपत्रे ह्यांची गती एकच.

अलीकडे ही साफसफाई कागदापुरती राहिलेली नाही. शिकवण्या घेणाऱ्या बाई, गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे मंडळ, घरगुती फराळ विकणाऱ्या भगिनी, अशा कितीतरी जणांची स्वतःची वेबसाइट असते आणि तिच्यावरही धूळ साचते. "चला, जुनी पाने काढून टाकू" असे म्हणून कोणी चार ठिकाणी खुणा करतो, एक बटण दाबतो, आणि चारांच्या जागी चाळीस पाने नाहीशी होतात. यंदा ह्या सदरात त्या पानांच्या पाठलागाविषयी सांगावयाचे आहे.

समजा, ठाण्याच्या एका वहिनींची अशी वेबसाइट आहे. सासूबाई हयात असताना त्यांच्याजवळ बसून वहिनींनी एकेक पदार्थ विचारून घेतला, रोज रात्री तो संगणकावर लिहिला, आणि सात-आठ वर्षांत दीडशे पाने झाली. अनारशाचे पीठ किती दिवस मुरवावयाचे, सांडग्यांना किती उन्हे द्यावयाची, भाजणीला कोणता वास सुटला म्हणजे विस्तव कमी करावयाचा, हे सारे त्यांत आहे. सासूबाई आता नाहीत. कागदाची वही कधी केलीच नव्हती. आणि एके दुपारी अर्धवट मसुदे काढून टाकता टाकता नेमकी हीच पाने गेली. आता पान उघडावे तर समोर ४०४ हा आकडा येतो. ४०४ हे सर्व्हरचे उत्तर आहे. त्याचा अर्थ, ह्या पत्त्यावर काही सापडत नाही.

वहिनी घाबऱ्याघुबऱ्या होतात आणि घाबरलेले माणूस जे करते तेच करू लागतात. हे बटण दाबून पाहा, ते दाबून पाहा, त्याच नावाचे नवे पान उघडा, नाहीतर सगळी वेबसाइट काढून पुन्हा बसवा. पहिल्या बटणाने जेवढे गेले नव्हते तेवढे ह्या खटाटोपाने जाते. म्हणून पहिली गोष्ट ही, की हात आवरावा आणि तारीख, वेळ व गेलेल्या पानांची नावे आठवतील तितकी एका कागदावर लिहून काढावी.

हात का आवरावयाचा, ते समजण्यासाठी पुसणे म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. आपण संगणकावरची एखादी फाइल पुसतो तेव्हा संगणक ती खरोखर घासूनपुसून काढीत बसत नाही. तेवढा उत्साह त्याला नसतो. कोणत्या खोलीत कोण राहतो ह्याची एक यादी त्याच्याजवळ असते. त्या यादीतले नाव तो खोडतो आणि चाळीच्या मालकाप्रमाणे दारावर 'जागा रिकामी आहे' अशी पाटी लावतो. आतले सामान तसेच असते. नवा भाडेकरू येईपर्यंत ते तिथेच राहते. पण तो केव्हा येईल ह्याचा नेम नाही, आणि त्या यंत्रावर आपण जे जे नवे लिहू ते ते नेमके त्याच खोलीत शिरण्याचा संभव असतो. (नव्या पद्धतीच्या एसएसडी साठ्यांत मालक इतका तत्पर असतो, की रिकाम्या झालेल्या खोल्या स्वतःच धुऊन काढतो. तिथे ह्या मार्गाची फारशी आशा धरू नये.)

पण आपली वेबसाइट बहुधा भाड्याच्या सर्व्हरवर असते, आणि त्याच्या हार्ड डिस्कपर्यंत आपला हात पोहोचत नाही. मग पाहावयाचे कुठे? तर आधी घरच्या टोपलीत. जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी साधारण दोन ज्या वर्डप्रेसवर चालतात, तीत २००९ पासून ट्रॅश नावाची कचऱ्याची टोपली आहे. टाकलेले पान तीत तीस दिवस पडून असते. एका बटणाने ते होते तसे परत जागेवर जाते. पुष्कळांना ही टोपली आहे हेच ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांतले काही स्वच्छतेच्या भरात तीही रिकामी करतात. चित्रांना मात्र ही सवलत नाही. फोटो पुसला की तो टोपलीत न पडता थेट जातो. तेव्हा मजकूर परत आला आणि अनारशांचा फोटो आला नाही, तर त्यात नवल मानू नये. विकिपीडियाची रीत तर आणखी उदार आहे. तेथे पुसलेले पान वाचकांना दिसेनासे होते एवढेच. मजकूर साठ्यात राहतो. २००३ साली सुरू झालेल्या आपल्या मराठी विकिपीडियावरही प्रचालकांना असे पान पाहता येते व योग्य कारण असल्यास परत आणता येते.

टोपली रिकामी निघाली तर सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे जावयाचे. ह्या कंपन्या बहुधा रोज किंवा आठवड्याला सगळ्या साठ्याची एक प्रत काढतात, तिला बॅकअप म्हणतात. इथे एक मेख आहे. प्रती कायमच्या ठेवायला जागा कोणाजवळ नसते. नवी प्रत आली की सर्वांत जुनी बाहेर पडते. म्हणजे पाने गेल्यावर महिनाभराने जाग आली, तर कंपनीजवळच्या साऱ्या प्रती पाने गेल्यानंतरच्याच असावयाच्या, सुबक आणि रिकाम्या. म्हणून पत्र त्याच दिवशी लिहावे. "आमची पाने गेली हो" असा टाहो न फोडता, अमुक तारखेला अमुक वाजेच्या सुमारास ही पाने पुसली गेली, त्याआधीची शेवटची प्रत बाजूला काढून ठेवावी आणि ती चालू वेबसाइटवर न ओतता आम्हांला निराळी द्यावी, असे लिहावे. हे शेवटचे कलम महत्त्वाचे. जुनी प्रत सगळीच्या सगळी परत बसवली तर मधल्या दिवसांत लिहिलेले नवे नाहीसे होते आणि एका अपघाताचे दोन होतात.

बॅकअप आहे असे समजणे आणि बॅकअप असणे ह्यांत केवढे अंतर आहे, ह्याचे जे उदाहरण २०१७ साली घडले ते मुळातून सांगण्यासारखे आहे. गिटलॅब ही संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणारी कंपनी. म्हणजे ज्यांना ह्यातले सर्व कळते अशांचीच. तिच्याजवळ माहितीच्या साठ्याची दोन यंत्रे होती, एक मुख्य आणि एक त्याची जोड. ३१ जानेवारीच्या रात्री जोडयंत्र मुख्य यंत्राच्या मागे पडू लागले. तेव्हा ते रिकामे करून पुन्हा भरावे असे एका इंजिनियराने ठरवले. रात्र फार झालेली, दोन्ही यंत्रांची नावे जवळजवळ सारखी; पुसण्याचा हुकूम गेला तो मुख्य यंत्राला. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले आणि त्याने हुकूम थांबवला. तेवढ्यात सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते.

ठीक आहे, म्हटले, बॅकअप आहेत. एक सोडून पाच व्यवस्था होत्या. रोज प्रत काढून दूरच्या साठ्यात ठेवण्याची जी व्यवस्था होती तिची जागा उघडून पाहिली तर ती मोकळी. प्रत काढणारे सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचे, माहितीचा साठा नव्या आवृत्तीचा. दोघांचे जमत नसल्यामुळे काम दररोज फसत होते. फसल्याची सूचना ईमेलने जात होती, पण त्या ईमेलांवर आवश्यक ती सही-शिक्क्याची खूण नसल्याने पलीकडचा दरवानच त्या परत पाठवीत होता. दुसरी एक व्यवस्था ह्या यंत्रांसाठी चालूच केलेली नव्हती. अशा रीतीने एकेक फळी मोडत गेली. अखेर कामी आली ती एक भलतीच प्रत. त्याच इंजिनियराने, त्याच दिवशी, दुसऱ्याच एका प्रयोगासाठी, अपघाताच्या सुमारे सहा तास आधी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. तिच्यावरून सगळे उभे करावयास अठरा तास लागले. मधल्या सहा-साडेसहा तासांतले गेले ते गेलेच: सुमारे ५,००० प्रकल्पांची माहिती, तितकेच अभिप्राय, ७०० नवे सभासद.

मला ह्या हकीगतीत सर्वांत आवडते ते निराळेच. कंपनीने काही झाकले नाही. दुरुस्तीचे काम चालू असताना त्याचे टिपण जगापुढे उघडे ठेवले, यूट्यूबवर ते थेट दाखवले, आणि नंतर जो सविस्तर अहवाल काढला त्यात त्या इंजिनियराचे नाव न देता त्याला नुसते 'सहकारी क्रमांक एक' असे म्हटले. आपल्याकडे सोसायटीच्या नळाची चावी कोणी उघडी ठेवली तर तीन सभा त्याच विषयावर होतात.

कंपनीचाही हात रिता निघाला, तर मग आपल्या घराबाहेर, परक्यांच्या कपाटांत शोधावयाचे. आणि मोठी मौज अशी, की अनेकदा तिथेच सापडते. जगातल्या पहिल्या वेबसाइटीचेच पाहा. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० च्या अखेरीस ती चालू केली. ज्या नेक्स्ट संगणकावर ती होती तो कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने चिठ्ठी लिहून डकवलेली होती. यंत्राची एवढी काळजी. पण पानांत बदल होत गेले तसे जुन्यावर नवे लिहिले गेले आणि सुरुवातीची प्रत कोणी ठेवली नाही. २०१३ साली सर्नने ते पहिले पान मूळ पत्त्यावर परत मांडले, तेव्हा हाती होती ती १९९२ ची प्रत. त्यानंतर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले पॉल जोन्स पुढे आले. त्यांच्याजवळच्या जुन्या नेक्स्ट संगणकावर १९९१ ची प्रत निघाली. त्याआधीची आजतागायत मिळालेली नाही.

असल्या परक्या कपाटांतले सर्वांत मोठे म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचे इंटरनेट अर्काइव्ह. ब्रूस्टर काल ह्या गृहस्थांनी ते १९९६ साली काढले. आता ते पांढऱ्या खांबांच्या एका जुन्या चर्चमध्ये आहे. त्याची यंत्रे रात्रंदिवस जगभरच्या वेबसाइटी पाहत हिंडतात आणि दिसेल त्या पानाची तारीखवार प्रत ठेवतात. २००१ पासून 'वेबॅक मशीन' ह्या नावाने हा साठा सर्वांना फुकट पाहता येतो. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यातील पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. वहिनींनी तिथे आपल्या वेबसाइटीचा पत्ता घालावा. एक कॅलेंडर पुढे येते आणि ज्या ज्या दिवशी प्रत घेतली गेली त्या तारखेभोवती रंगीत ठिपका असतो. ठिपक्यावर बोट ठेवले की त्या दिवशीचे पान समोर. नेमका पत्ता आठवत नसला तर मुखपृष्ठाच्या जुन्या प्रतीवरून दुव्यांच्या वाटेने आत जाता येते.

मात्र सगळेच तिथे असेल असे धरून चालू नये. कुलूपबंद पाने तिथे पोहोचत नाहीत, चित्रे पुष्कळदा अर्धी असतात, आणि ज्या पानाकडे बाहेरून कोणाचा दुवा नाही ते यंत्राच्या दृष्टीस पडलेच नसेल. शिवाय हे कपाटही अमर नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात चोरट्यांच्या हल्ल्यामुळे ते काही दिवस बंद ठेवावे लागले होते. पूर्वी दुसरा एक आधार गूगलच्या 'कॅशे'चा असे. कॅशे म्हणजे रोकड नव्हे. गूगलने आपल्या सोयीसाठी ठेवलेली पानाची ताजी प्रत. तिचा दुवा गूगलने २०२४ साली काढून टाकला. तेव्हा जुन्या पुस्तकांतून 'गूगलच्या कॅशेत पाहा' असा सल्ला दिसला तर तो सोडून द्यावा.

आणि मग वाचक. जेफ ॲटवुड ह्या प्रसिद्ध अमेरिकन प्रोग्रामरची 'कोडिंग हॉरर' नावाची वेबसाइट २००९ च्या डिसेंबरात सर्व्हर बिघडून पार नाहीशी झाली. बॅकअप तो घेत असे, पण त्याच सर्व्हरवर. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. मजकूर इतरांनी ठेवलेल्या प्रतींतून जमला, आणि चित्रे सापडली ती एका वाचकाजवळ, ज्याने हौसेने जवळजवळ सगळी वेबसाइट उतरवून ठेवली होती. मायस्पेस ह्या संकेतस्थळावर २००३ ते २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली पाच कोटींहून अधिक गाणी सर्व्हर बदलताना गेली. ही बातमी २०१९ साली फुटली. त्यांतली सुमारे ४,९०,००० परत मिळाली, कारण अभ्यासकांच्या एका गटाने पूर्वी संशोधनासाठी ती उतरवून घेतली होती. पाच कोटींपुढे हा आकडा लहान आहे खरा. पण त्यात ज्याचे गाणे आहे त्याला विचारा. वहिनींनीही नणंदा, भाचेसुना, परदेशी गेलेल्या मैत्रिणी ह्या सर्वांना संदेश धाडावा. कोणी चकलीचे पान छापून स्वयंपाकघरात चिकटवलेले असते, कोणाच्या ईमेलात सबंध मजकूर पडलेला असतो.

आता आपल्या भाषेपुरता एक विषय, जो इंग्रजी पुस्तकांत कोणी सांगत नाही. बॅकअप सापडतो, आनंदाने उघडावा, तर मराठीच्या जागी भलतेच काही दिसते. अशा वेळी ते काय दिसते हे नीट पाहावे, कारण सगळे त्यावर आहे. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलेले असते. पान वाचणाऱ्या यंत्राने ते तीन बाइट चुकीने रोमन लिपीचे समजून वाचले, म्हणजे दर चिन्हामागे तीन चमत्कारिक खुणा उमटतात, आणि त्यांतली पहिली बहुधा डोक्यावर रेघ असलेला रोमन 'ए' असते. हे दृश्य भयंकर दिसते, पण औषध सोपे आहे. बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याचा चष्मा बदलावयाचा. कोणाही जाणत्या मुलाला तासाभरात ते जमते. उलट, ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या दिसल्या आणि त्या फाइलीतच तशा असल्या, तर समजावे की ती प्रत काढतानाच अक्षरे टाकून दिली गेली. 'अ' काय आणि 'ज्ञ' काय, सर्वांच्या जागी तेच प्रश्नचिन्ह. त्यातून मूळ अक्षर ब्रह्मदेवालाही काढता यावयाचे नाही. तिथे वेळ न घालवता दुसरी प्रत शोधावी. तिसरा प्रकार जुन्या मराठी वेबसाइटींचा. युनिकोड रुळण्यापूर्वी जो तो आपापल्या फाँटात लिहीत असे, आणि तो फाँट आपल्या यंत्रात नसला की पान रोमन अक्षरांच्या बाराखडीसारखे दिसते. तेही वाचता येते. फाँट कोणता हे ओळखून युनिकोडात बदलून देणारी साधने मिळतात. मात्र बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकदा डोळ्यांनी तपासावी. त्या नेमक्या शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतात.

पाने हाती आली की ती परत मांडावयाची. इथे एकच आग्रह धरावा: पत्ता जुनाच असू द्यावा, अक्षर न् अक्षर तोच. अनारशाच्या पानाचा दुवा कोणी पुण्यात जपून ठेवलेला असतो, कोणी अमेरिकेत. पत्ता बदलला तर त्यांना ४०४ च दिसणार. गूगललाही पान नाहीसे झाले असे काही काळ दिसत राहिले तर ते आपल्या यादीतून नाव काढते. पान त्याच पत्त्यावर लवकर परतले तर यादीतले स्थानही बहुधा परत मिळते. वेबॅक मशीनवरून मजकूर उचलला असेल तर त्यातले दुवे तपासावे. ते त्या अर्काइव्हकडे वळवलेले असतात. आणि परत आणलेल्या पानाच्या तळाशी, ही प्रत कोठून मिळाली व कोणत्या तारखेची आहे, हे लिहून टाकावे. वहिनींच्या पानाची मिळालेली प्रत मार्चची असली, तर जुलैत त्यांनी साखरेऐवजी गुळाचे जे प्रमाण वाढवून लिहिले होते ते तीत नाही. ते आठवून पुन्हा लिहावे लागेल.